कोरियातील लहान गावात इंग्रजी शिकवायला जाताना: पासपोर्टपासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

आधी पासपोर्ट पाहा

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी शिक्षकाला जो व्हिसा लागतो त्याला ई-२ म्हणतात. तो मिळण्याची पहिली अट इंग्रजीवरील प्रभुत्व ही नसून पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ही आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना कोणत्याही विषयातील पदवीवर या व्हिसासाठी अर्ज करता येतो. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये वाढलेल्या आणि तेथील नागरिकत्व असलेल्या मराठी घरातील मुलामुलींसाठी म्हणूनच ही वाट तुलनेने सरळ आहे. तेथे केवळ कायम निवासाचा परवाना असून पासपोर्ट भारतीय असेल, तर मात्र हे दार उघडत नाही.

भारतीय पासपोर्टधारकांसाठी दुसरे, अरुंद दार आहे. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० रोजी लागू झाला आणि त्यातील तरतुदीनुसार भारतीय नागरिकाला सरकारी प्राथमिक व माध्यमिक शाळांत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक म्हणून ई-२ व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी पदवी तर हवीच, शिवाय इंग्रजी विषयाच्या अध्यापनाची अधिकृत पात्रताही हवी. आपल्याकडे याचा व्यावहारिक अर्थ इंग्रजी हा अध्यापन विषय घेऊन केलेले बी.एड. असा होतो. परदेशी भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवावी याचे, ऑनलाइन मिळणारे शंभर-सव्वाशे तासांचे टेफल प्रमाणपत्र अर्जाला वजन देते, परंतु बी.एड.ची जागा घेत नाही.

या तरतुदीची मर्यादाही नीट समजून घ्यावी. कोरियात संध्याकाळी चालणाऱ्या खासगी शिकवण्यांना हॅगवॉन म्हणतात आणि परदेशी शिक्षकांच्या बहुसंख्य जाहिराती त्यांच्याच असतात. भारतीय पासपोर्टवर हॅगवॉनमध्ये शिकवता येत नाही. ‘आधी पर्यटक म्हणून या, पुढचे आम्ही पाहतो’ असे सांगणारा एजंट तुम्हाला बेकायदा कामाकडे नेत असतो आणि त्याचा शेवट दंड व हद्दपारी यांत होऊ शकतो. अशा माणसाला एक रुपयाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारी शाळांसाठीची मुख्य योजना म्हणजे १९९५ मध्ये सुरू झालेला ‘इंग्लिश प्रोग्राम इन कोरिया’, म्हणजेच एपिक. तिच्या दोन भरत्या होतात. एका भरतीचे शिक्षक फेब्रुवारीअखेर रुजू होतात, दुसरीचे ऑगस्टअखेर. दक्षिण जोल्ला प्रांताची स्वतःची वेगळी भरतीही असते. लहान गावात जाण्याची इच्छा असणाऱ्याने तिच्याकडे जरूर लक्ष ठेवावे, कारण तो प्रांत मुख्यतः शेतीचा आणि बेटांचा आहे. विद्यार्थ्यांना ग्रामीण शाळांत पाठवणारी ‘टॉक’ ही योजना २०२१ मध्ये बंद झाली. जुन्या लेखांत तिचे नाव दिसले तर त्या वाटेला जाऊ नये.

कागदपत्रे आणि मराठी नावाचा घोळ

रुजू व्हायच्या तारखेच्या आठ-नऊ महिने आधी कागदपत्रांना हात घालावा. पदवीच्या प्रमाणपत्रावर आणि पोलीस पडताळणीच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून केलेले सरकारी प्रमाणीकरण, लागते. भारतात ते परराष्ट्र मंत्रालय देते, आणि शैक्षणिक प्रमाणपत्राचे आधी राज्य पातळीवर साक्षांकन व्हावे लागते. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदव्यांसाठी हे काम मुंबईतील राज्य सरकारच्या मंत्रालयातून होते. पोलीस दाखल्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्रातून अर्ज करावा. येथे क्रम महत्त्वाचा आहे: पदवीचे काम आधी उरकावे, कारण ती कालबाह्य होत नाही, पोलीस दाखला मात्र सहसा सहा महिन्यांच्या आतील मागितला जातो, म्हणून तो उशिरा काढावा. अनेक जण उत्साहाच्या भरात तोच पहिल्यांदा काढतात आणि नंतर सगळे पुन्हा करत बसतात.

याहून जास्त त्रास देते ते आपले नाव. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव पहिले, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे, आणि कधी शेवटी आईचे नावही असते. पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असते. आधार कार्डावर आणखी तिसराच क्रम असतो. कोरियन माणसाचे नाव बहुधा तीन अक्षरांचे असते, त्यामुळे तेथील कारकुनाला ही चार शब्दांची तीन रूपे म्हणजे तीन वेगळी माणसे वाटतात. सर्व कागदांवरील व्यक्ती एकच असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणीचा दाखलाही तयार ठेवावा. पुढे कोरियातील प्रत्येक अर्जावर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे. त्याच क्रमाने, मोठ्या रोमन अक्षरांत आणि शब्दांमधील मोकळ्या जागेसह. याचे कारण फोनच्या परिच्छेदात येईल.

निवड झाल्यावर तेथील शिक्षण कार्यालय करारपत्र पाठवते. ते व इतर कागद घेऊन व्हिसासाठी कोरियन दूतावासाकडे अर्ज करायचा असतो. मुंबईत कोरियाचा महावाणिज्य दूतावास आहे.

गाव तुम्ही निवडत नाही

अर्जात तुम्ही प्रांताची पसंती सांगता. शाळा व गाव प्रांताचे शिक्षण कार्यालय ठरवते आणि गावाचे नाव बऱ्याचदा कोरियात पोहोचल्यावरच कळते. त्यामुळे पत्त्यातील शब्द ओळखता यायला हवेत. ‘गुन’ म्हणजे साधारण आपला तालुका, ‘उप’ म्हणजे त्यातील बाजारपेठेचे मुख्य गाव आणि ‘म्यॉन’ म्हणजे त्याभोवतीचा खेड्यांचा गट. उदाहरणार्थ, ग्यॉन्गसांगबुक प्रांतातील उईसॉन्ग हा गुन लसणासाठी प्रसिद्ध आहे. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या महिला कर्लिंग संघातील बहुतेक खेळाडू याच भागातल्या असल्याने त्यांना ‘लसूण कन्या’ असे नाव पडले होते. या गुनमध्ये ५० हजारांच्या आसपास माणसे राहतात आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे. नेमणूक ‘उप’मध्ये झाली तर बँक, बस स्थानक, दवाखाने आणि दोन-तीन कॉफीची दुकाने पायी अंतरावर असतात. ‘म्यॉन’मध्ये झाली तर दिवसातून मोजक्या वेळा येणाऱ्या बसचे वेळापत्रक पाठ करावे लागते.

शहर मिळाले नाही म्हणून हिरमुसून जाण्याचे कारण नाही. घराचे भाडे शाळेकडून असल्याने गावात पगारातील बराच भाग शिल्लक राहतो, आणि ग्रामीण नेमणुकीसाठी वेगळा भत्ताही मिळतो. मूळ पगार पात्रता व अनुभव यांनुसार दरमहा साधारण २० ते ३० लाख वॉनच्या टप्प्यात असतो. तथापि, एकटे राहण्याची ज्यांना मुळीच सवय नाही त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारावा: संध्याकाळी सात वाजता सामसूम होणाऱ्या, आपली भाषा कोणालाही न येणाऱ्या गावात सलग महिने काढता येतील काय? उत्तर डळमळीत असेल, तर अर्जात महानगरांची पसंती द्यावी.

निघण्यापूर्वी लिपी शिकावी

पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळात तयार झालेली हंगुल लिपी मराठी माणसाला आठवड्याभरात वाचता येते, कारण व्यंजन व स्वर जोडून अक्षर बनवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. वाक्यरचनेतही आपली सोय आहे. ‘जोनुन हाक्क्योए गायो’ हे वाक्य शब्दशः ‘मी शाळेत जातो’ असेच आहे: कर्ता आधी, क्रियापद शेवटी आणि ‘शाळे’ला ‘त’ लागावा तसा ‘हाक्क्यो’ला ‘ए’. अमेरिकन सहकाऱ्याला जे उलटे वाटते ते आपल्याला सरळ वाटते. उच्चारांतही तसेच. कोरियनमध्ये चंद्र, मुखवटा आणि मुलगी यांसाठीचे शब्द केवळ पहिल्या व्यंजनाच्या दाबावर वेगळे होतात. त्यांतील मुलगीचा ‘त’ आणि मुखवट्याचा ‘थ’ आपल्याकडे तयारच आहेत, फक्त चंद्राचा मधला ध्वनी कानाला लावून घ्यावा लागतो.

शहरात लिपीवाचून निभावते, गावात नाही. बसच्या पाट्या, बॉयलरची बटणे, औषधाच्या पुड्या आणि शाळेच्या स्वयंपाकघराचा मासिक तक्ता हे सगळे हंगुलमध्येच असते.

सामान

थोडक्यात सांगायचे तर मसाले आणा, कुकर आणा, कपडे कमी आणा. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी जाड कोट तेथेच घ्यावा. आपल्याकडील स्वेटर तेथील थंडीत आतला कपडा ठरतो. सहज काढता येतील असे बूट हवेत, कारण घरात आणि शाळेच्या इमारतीत बाहेरची पादत्राणे चालत नाहीत; शाळेसाठी सपातांचा एक स्वच्छ जोड वेगळा ठेवावा. औषधांबाबत गाफील राहू नये. अमली पदार्थांविषयीचे कोरियन कायदे अतिशय कडक आहेत, कोडीनसारखे घटक असलेली खोकल्याची औषधे अडचणीत आणू शकतात आणि रुजू झाल्यावरच्या वैद्यकीय तपासणीत अमली पदार्थांची चाचणीही असते. धुळवडीच्या भांगेला तेथे कोणीही सण मानणार नाही.

पहिले तीन आठवडे: कार्ड, बँक, फोन

या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याने आल्यापासून ९० दिवसांच्या आत इमिग्रेशन कार्यालयात नोंदणी करून निवास कार्ड घ्यावे लागते. कार्यालय गावात नसते, बहुधा प्रांतातील एखाद्या मोठ्या शहरात असते, आणि भेटीची वेळ ‘हाय कोरिया’ या सरकारी संकेतस्थळावर आधी घ्यावी लागते. पहिल्याच आठवड्यात सहकारी शिक्षकाला ती वेळ घेण्याची विनंती करावी. कार्ड हाती येईपर्यंत फोनची पूर्ण सेवा आणि बँकेच्या बऱ्याच सुविधा मिळत नाहीत, म्हणून पहिल्या महिना-दीड महिन्याच्या खर्चापुरते पैसे सोबत असावेत.

बँकेसाठी लहान गावात शोधाशोध करण्याची गरज नाही. ‘नोंगह्यॉप’ ही शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची बँक जवळजवळ प्रत्येक गावात असते आणि शेजारीच तिचे किराणा दुकान व खतांचे गोदामही असते. सहकाराच्या वातावरणात वाढलेल्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाला ते दृश्य अगदी ओळखीचे वाटेल.

आता फोन. कोरियात ऑनलाइन काहीही करायचे, म्हणजे वस्तू मागवणे, तिकीट काढणे, सरकारी दाखला घेणे, तर फोन क्रमांकावरून ओळख पडताळली जाते. निवास कार्डावरील नाव आणि फोन कंपनीकडील नाव यांत एका मोकळ्या जागेचा फरक असला तरी पडताळणी अयशस्वी होते आणि कारण कोणीच सांगत नाही. दुकानदाराने तुमचे लांबलचक नाव घाईने टाइप करून वडिलांचे नाव गाळले असेल, तर ते तेथेच उभे राहून दुरुस्त करून घ्यावे. संदेशांसाठी सगळा देश काकाओटॉक वापरतो, आणि रस्ता शोधण्यासाठी नेव्हर किंवा काकाओचा नकाशा घ्यावा. गूगलचा नकाशा तेथे फारसा उपयोगी पडत नाही.

अडचणीच्या वेळचे क्रमांक: पोलिसांसाठी ११२, आग व रुग्णवाहिकेसाठी ११९, आणि व्हिसा किंवा नोंदणीविषयी इंग्रजीतून विचारण्यासाठी १३४५.

शाळेत

शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते. कराराप्रमाणे आठवड्याला सहसा २२ तासिका शिकवायच्या आणि एकूण ४० तास शाळेत हजर राहायचे असते. प्राथमिकची तासिका ४० मिनिटांची, माध्यमिकची ४५ आणि उच्च माध्यमिकची ५० मिनिटांची असते. इंग्रजी तिसरीपासून सुरू होते. लहान गावात एका शाळेत इतक्या तासिका भरतच नाहीत, त्यामुळे दोन किंवा तीन शाळांत फिरून शिकवावे लागते आणि त्याचाही भत्ता मिळतो. सोमवार-मंगळवार एका खोऱ्यात, बुधवारी दुसऱ्या. प्रत्येक शाळेचे मुख्याध्यापक, वेळापत्रक आणि जेवणाची चव वेगळी.

वर्गात सहा-सात मुले असणे, कधी पूर्ण इयत्तेत दोनच असणे, यात आश्चर्य नाही. कोरियाचा जननदर २०२३ मध्ये दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली गेला होता आणि त्याची झळ सर्वांत आधी खेड्यांतील शाळांना लागली. या मुलांपैकी काहींच्या आया व्हिएतनाम किंवा फिलिपिन्समधून लग्न करून आलेल्या असतात. घरात दुसरी भाषा ऐकलेली ही मुले तुमच्याशी लवकर मोकळी होतात. चाळीस-पन्नासांच्या वर्गाची सवय असलेल्या आपल्या शिक्षकाला मात्र या शांततेचेच पहिले दडपण येते. पन्नास मुलांना एकसुरात म्हणायला लावण्याची हातोटी येथे निरुपयोगी ठरते. सहा मुलांसाठी खेळ, पत्ते, संवाद आणि प्रत्येकाच्या नावानिशी विचारलेले प्रश्न लागतात.

तुम्ही वर्गात एकटे नसता. कायद्याने तुम्ही साहाय्यक आहात आणि कोरियन सहशिक्षक मुख्य. हे नाते कसे जमते यावर तुमचे सगळे वर्ष अवलंबून असते, कारण घराचा नळ गळण्यापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत प्रत्येक कामात हीच व्यक्ती तुमच्यासाठी बोलणार असते, आणि या कामाबद्दल तिला कोणी वेगळे पैसे देत नाही हे विसरू नये. प्रत्येक अडचण वेगळी घेऊन जाण्याऐवजी आठवड्याच्या अडचणी एका कागदावर लिहून एकदाच विचाराव्यात. वर्गात तिची चूक झाली तर मुलांसमोर दुरुस्त करू नये. वेळापत्रकातले बदल शेवटच्या क्षणी कळतील. पुष्कळदा ते तिलाही तेव्हाच कळलेले असतात.

सहकाऱ्यांना नावाने हाक मारू नये. ‘सोनसेंगनीम’ हा गुरुजी आणि बाई या दोन्हींसाठी चालणारा शब्द आहे आणि मुख्याध्यापकांना ‘ग्योजांग सोनसेंगनीम’ म्हणावे. तेथे वयाचा मान आपल्यापेक्षाही काटेकोरपणे पाळला जातो, त्यामुळे पहिल्याच भेटीत कोणी वय विचारले तर तो आगाऊपणा समजू नये. कोणत्या क्रियापदाने बोलायचे हे त्यावर ठरत असते. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात वापरावेत. शाळेचे अधूनमधून सामूहिक जेवण होते, त्याला ‘ह्वेशिक’ म्हणतात. तेथे मद्य न घेणे आता पूर्वीइतके खटकत नाही, मात्र जेवणालाच न जाणे खटकते. पेल्यात सरबत घेऊन बसावे आणि वडीलधाऱ्यांचा पेला दोन्ही हातांनी भरून द्यावा.

उच्चारांविषयी थोडे परखड लिहिणे भाग आहे. पाठ्यपुस्तकांचे ध्वनिमुद्रण अमेरिकन उच्चारांत असते आणि पालकांच्या कानात तोच नमुना बसलेला असतो. त्यासाठी खोटा अमेरिकन सूर काढण्याची गरज नाही, पण अमेरिकन स्पेलिंग वापरावे आणि आपल्या बोलण्यातील एक दोष अवश्य घालवावा: मराठी माणूस ‘व्हॅन’ आणि ‘वन’ यांतील दोन वेगळे ध्वनी एकाच ‘व’ने उच्चारतो. कोरियन मुले त्यांतील पहिल्या ध्वनीचा ‘ब’ करतात आणि ‘फ’चा ‘प’. शिक्षकाचाच ‘व’ संदिग्ध असेल, तर मुलांनी सुधारायचे कशावरून?

सुट्टीत शाळा बंद असली तरी शिक्षकाला इंग्रजीची शिबिरे घ्यावी लागतात आणि उरलेल्या दिवशी रिकाम्या शाळेत टेबलाशी बसावे लागते. रजा बहुतांशी याच काळात घ्यायची असल्याने दिवाळीला घरी येण्याचा बेत मनातून काढून टाकावा. आणखी एक पथ्य असे की ई-२ व्हिसावर परस्पर खासगी शिकवणी घेणे बेकायदा आहे, मग शेजारीण कितीही प्रेमाने ‘माझ्या नातवाला थोडे शिकवा’ म्हणो.

जेवण

मांसाहारी माणसाला फारशी अडचण येत नाही. मात्र गोमांस व डुकराचे मांस टाळणाऱ्याला ते दोन शब्द वाचता आलेच पाहिजेत: ‘सोगोगी’ आणि ‘द्वेजीगोगी’. शाकाहारी माणसाला खरी शिस्त लागते. ‘मांस नको’ असे सांगितल्यावर ताटात हॅम येते, कारण अनेकांच्या हिशेबी ते मांस नव्हेच. साध्या दिसणाऱ्या सूपचा अर्क सुकवलेल्या लहान मासळीचा असतो आणि बहुतेक किमचीत, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांत, खारवलेली कोळंबी किंवा मासळी मुरलेली असते. काटेकोर शाकाहारी असाल तर शाळेचे जेवण न घेता डबा न्यावा आणि पहिल्या दिवशीच तसे नम्रपणे सांगावे. एकत्र बसून खाणे महत्त्वाचे, ताटात काय आहे ते नंतर. बाहेर खाताना अंडे व मांस वगळून मागितलेला बिबिमबाप म्हणजे भाज्या घातलेला भात, टोफू म्हणजे ‘दुबू’ आणि नाना प्रकारच्या भाज्यांचे ‘नामुल’ यांवर निभावते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांना बाहेर खाताना बौद्ध मठांतील जेवण सोयीचे, कारण तेथेही लसूण-कांदा वर्ज्य असतो.

घरी स्वयंपाक करणाऱ्याची आबाळ होत नाही. शेतांत व कारखान्यांत काम करायला नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश या देशांतून माणसे आलेली असल्याने बऱ्याच लहान गावांत एखादे ‘एशिया मार्ट’ असते आणि तेथे मसूर, मूग, हळद, जिरे मिळतात. पोहे व गोडा मसाला मात्र घरूनच न्यावा. ताज्या भाजीसाठी ‘ओइलजांग’ म्हणजे दर पाचव्या दिवशी भरणारा बाजार आहे. आपल्याकडे बाजाराचा वार ठरलेला असतो, तेथे तारखेचा शेवटचा आकडा ठरलेला असतो. उदाहरणार्थ २, ७, १२, १७. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या आज्या मुळा, मिरच्या, पालेभाज्या घेऊन बसतात. तीन-चार बाजार त्याच आजीकडून भाजी घेतली की पुढच्या वेळी पिशवीत मूठभर जास्त पडते. त्या जादा मुठीला कोरियनमध्ये ‘दोम’ असा स्वतंत्र शब्द आहे.

घर, कचरा आणि हिवाळा

घर म्हणजे बहुधा एक खोली, तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा, आणि न्हाणीघर. कचरा त्या गुनच्याच अधिकृत पिशवीत भरावा लागतो. शेजारच्या गुनची पिशवी चालत नाही. उष्टे-खरकटे वेगळे, प्लास्टिक, काच, कागद वेगळे. चुकीची पिशवी दारात परत येते, आणि गावात ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असते.

जमिनीखालून गरम पाणी फिरवून घर तापवण्याच्या पद्धतीला ‘ओन्दोल’ म्हणतात. खेड्यांत नळाने येणारा गॅस बहुधा नसतो, बॉयलर सिलिंडरवर किंवा तेलावर चालतो आणि त्याचा खर्च तुमच्याकडे असतो. म्हणून बाहेर जाताना तो पूर्ण बंद करण्याचा मोह होतो. अंतर्भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान उणे दहाच्या खाली सहज जाते, नळ्यांतले पाणी गोठते, नळ्या फुटतात आणि दुरुस्तीचा भुर्दंड पडतो. बॉयलरच्या बटणांत ‘वेचुल’ असे लिहिलेले एक बटण असते, त्याचा अर्थ ‘बाहेर गेलो आहे’. शाळेत जाताना आणि सुट्टीवर निघतानाही तेच दाबावे, आणि फार गारठा असेल तेव्हा रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवावा.

करार संपताना

मुदतवाढ हवी की नको हे शाळा वर्ष संपण्याच्या कित्येक महिने आधीच विचारते, म्हणजे ऑगस्टात आलेल्याला पहिला वसंत ऋतू पाहता पाहताच उत्तर द्यावे लागते. वर्ष पूर्ण केल्यावर साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम निवृत्तिलाभ म्हणून मिळते. कायद्याने ती नोकरी सोडल्यापासून १४ दिवसांत द्यायची असते. पगारातून कापलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतनाची वर्गणी देश सोडताना परत मिळते की नाही हे पासपोर्टच्या देशावर ठरते: अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना ती मिळते, ब्रिटनच्या नागरिकांना नाही. भारत आणि कोरिया यांच्यात २०११ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. त्याआधारे ही वर्गणी परत मागण्यासाठी भारतीय शिक्षकाने निघण्याच्या महिनाभर आधी राष्ट्रीय निवृत्तिवेतन सेवेच्या कार्यालयात पासपोर्ट, निवास कार्ड, विमानाचे तिकीट आणि बँकेचे पुस्तक घेऊन स्वतः जावे. निवास कार्ड विमानतळावर परत द्यावे लागते, म्हणून त्याची छायाप्रत काढून ठेवावी, आणि शेवटचा पगार व निवृत्तिलाभ जमा होईपर्यंत नोंगह्यॉपचे खाते बंद करू नये.